म्हशीचं, गायीचं की शेळीचं? नौपाड्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी

"पचायला हलकं कुठलं?" हे डेअरीच्या काउंटरवर रोज विचारलं जातं. उत्तर घरात दूध कोण पिणार आहे, यावर ठरतं.

१०० मिलिलिटर म्हशीच्या दुधात साधारण ७ ग्रॅम फॅट, ४ ग्रॅम प्रोटीन आणि १०० कॅलरी असतात. गायीच्या दुधात फॅट ४, प्रोटीन ३.२ आणि कॅलरी ७०च्या आसपास. शेळीचं दूध जवळपास गायीसारखंच. जात, चारा, वेत यांप्रमाणे आकडे मागेपुढे होतात. कॅल्शियम म्हशीच्या दुधात जास्त. गायीचं दूध पिवळसर दिसतं ते कॅरोटीनमुळे. म्हैस त्याचं 'अ' जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. रंगावरून कस ठरवू नका.

पाणी घालू नका, साय काढा

म्हशीचं दूध जड पडतं म्हणून बरेच जण निम्मं पाणी घालतात. त्याने फॅट ३.५ वर येतं खरं, पण प्रोटीनही २ वर येतं, म्हणजे गायीच्या दुधापेक्षा कमी! त्याऐवजी दूध उकळून, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी जाड साय अलगद उचलली जाते. बरंचसं फॅट तिच्यासोबत जातं, प्रोटीन बहुतेक दुधातच राहतं. सायीचं तूप होतंच.

पोट फुगत असेल तर

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तिन्हींत साडेचार ते पाच ग्रॅम असते. त्यामुळे जनावर बदलून फारसा उपयोग नाही. दही-ताक घेऊन बघा. विरजणातले जिवाणू त्यातली काही साखर संपवतात. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांना म्हशीचं, शेळीचंही बहुधा चालत नाही.

शेळीचं दूध आणि डेंग्यू

पावसाळ्यात ठाण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की शेळीच्या दुधासाठी धावपळ सुरू होते. त्याने प्लेटलेट वाढतात याला ठोस पुरावा नाही, आणि तसं सांगून आम्ही ते विकणार नाही. रुग्णाला आधी डॉक्टरांकडे न्या. कच्चं तर मुळीच पाजू नका. त्यातून ब्रुसेलोसिससारखा आजार होऊ शकतो.

शेळीच्या दुधात फोलेट, म्हणजे 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व, फार कमी असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते, किंवा गायी-म्हशीचं वरचं दूध, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

शेळीचं दूध रोज येत नाही. हवं असल्यास आदल्या संध्याकाळी काउंटरवर सांगून ठेवा.