मेनिंजायटिसची साथ : ओळख आणि प्रतिबंध

मेंदू आणि मज्जारज्जू यांना लपेटून असलेल्या पातळ आवरणांना सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस, मराठीत मस्तिष्कावरणदाह. बोलताना आपण मेंदूज्वर म्हणतो, आणि इंदुरात शेजारपाजारी ‘दिमागी बुखार’ म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. हे दोन्ही शब्द एन्सेफलायटिसला, म्हणजे प्रत्यक्ष मेंदूच्या दाहालाही लावले जातात. जपानी एन्सेफलायटिस डासांमुळे होतो. साथीचा मेनिंजायटिस माणसाकडून माणसाला लागतो. ‘दिमागी बुखार’ ऐकून गल्लीत धूरफवारणी केली, तर या दुसऱ्या साथीला तिचा काहीही अटकाव होत नाही.

हा आजार विषाणू, जिवाणू, बुरशी किंवा क्षयाचे जंतू यांमुळे होतो. विषाणूंचा प्रकार बहुधा आपोआप बरा होतो. साथ पसरवतो तो मुख्यतः मेनिंगोकॉकस हा जिवाणू. १८८७ मध्ये व्हिएन्नात आंटोन वाइक्सेलबाउम यांनी तो शोधला. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली त्याच्या साथी आल्या, तर २००८-०९ मध्ये मेघालय व त्रिपुरात.

काही निरोगी माणसांच्या घशातही हा जिवाणू निमूट राहत असतो. खोकला, शिंक, लाळ यांतून तो दुसऱ्याकडे जातो, पण त्यासाठी जवळचा आणि बराच वेळचा सहवास लागतो. इंदूरच्या राजवाड्याच्या बाजारगर्दीत कुणाच्या बाजूने गेल्याने सहसा लागण होत नाही. खरी जागा म्हणजे एका खोलीत तीन खाटा टाकलेले वसतिगृह. निमाड, बऱ्हाणपूर, खानदेशातून शिकायला आलेली मुले इंदुरात भंवरकुआं या कोचिंग क्लासच्या भागात अशाच खोल्यांत राहतात. पाण्याची बाटलीही अनेकदा एकच असते. सैनिकांच्या बराकींतही हा आजार जगभर फार पूर्वीपासून पाहिला गेला आहे, आणि महूची लष्करी छावणी इंदूरपासून जवळच आहे.

एकाएकी चढलेला ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे, हनुवटी छातीला न टेकणे, बडबड किंवा गुंगी ही लक्षणे. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असे नाही. ते दूध सोडते, किरकिरते किंवा मलूल पडते. टाळूवर तेल घालताना ती फुगलेली, ताणलेली लागली, तर आजीच्या हाताला ते सर्वांत आधी कळते, आणि तिचे म्हणणे ऐकावे. अंगावर लालजांभळे ठिपके आले तर त्यांवर काचेचा पेला दाबून पाहावा. दाबूनही ते फिके झाले नाहीत, तर रक्तात विष पसरत असल्याची शक्यता असते. सावळ्या कातडीवर ते तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू इथे शोधावेत. मात्र ठिपके नाहीत म्हणून थांबू नये.

उपचाराविना निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात, कधी चोवीस तासांच्या आत. म्हणून रात्री तापलेल्या खोलीसोबत्याला ‘झोपू दे, सकाळी बघू’ म्हणून एकटे ठेवू नये; थेट इंदूरच्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

तिथे पाठीतले पाणी काढण्याची वेळ आली की घरचे अडतात, कारण ‘पाणी काढले की पाय जातात’ ही समजूत घट्ट आहे. ती खरी नाही. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, इतकेच. त्या पाण्यावरून जंतू कोणता, औषध कोणते आणि साथीत लस कोणती हे ठरते. तपासणीला उशीर होणार असेल, तर प्रतिजैविक आधी सुरू करतात.

निदान होताच जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला कळवले जाते आणि घरातली माणसे, खोलीसोबती, रुग्णाच्या लाळेशी संबंध आलेले यांना शक्यतो चोवीस तासांत प्रतिबंधक औषध देतात : सिप्रोफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन. संपूर्ण कोचिंग क्लासला किंवा कॉलनीला नव्हे. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे कळीचे औषध आहे. भीतीपोटी दुकानातून आणून ते वाटणे घातकच.

लसीचा परिणाम दिसायला आठवडाभराहून अधिक लागतो, त्यामुळे सहवासितांसाठी हे प्रतिबंधक औषध आधी. सरकारी लसीकरणातील बीसीजी, पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकॉकल या लसी मेनिंजायटिसच्या इतर कारणांपासून वाचवतात. मेनिंगोकॉकसची लस त्या नियमित यादीत नाही; हजला जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनिंगोकॉकसच्या ‘ए’ गटावरची लस २०१० मध्ये बुर्किना फासोपासून द्यायला सुरुवात झाली आणि आफ्रिकेतील त्या गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या.

बरे झालेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला बहिरेपणा, फिट्स किंवा असेच काही मागे उरते. मुलाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, नाही तर चार आठवड्यांच्या आत करून घ्यावी; आतल्या कानात हाड वाढू लागले, तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचे यंत्र, बसवणे कठीण होते.