अ‍ॅस्परगर गेलं, लेव्हल आल्या: शाळेतल्या गोंधळाची पार्श्वभूमी
"लेव्हल 1 आहे ना, मग वेगळी मदत कशाला?" ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांना शाळेत हे हमखास ऐकावं लागतं. लेव्हल म्हणजे निदानासोबत लिहिलेला मदतीच्या गरजेचा आकडा, 1 सगळ्यात कमी, 3 सगळ्यात जास्त. या लेव्हल आल्या 2013 मध्ये. त्याआधीचं थोडक्यात, 1943 ला बाल्टिमोरच्या एका डॉक्टरांनी 11 मुलांचं वर्णन छापलं, पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या अ‍ॅस्परगर या डॉक्टरांचं तसंच एक आलं पण जर्मनमध्ये असल्यामुळे ते बरीच वर्षं पडून राहिलं. मग आईनं माया लावली नाही म्हणून मूल असं झालं, हे खूळ चाललं, 1977 च्या जुळ्यांच्या अभ्यासात आनुवंशिकता दिसल्यावर ते पार उघडं पडलं.

खरी भानगड 1994 नंतरची. निदानाच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये त्यांच्या नावानं अ‍ॅस्परगर हे वेगळं निदान आलं, म्हणजे बोलणं वेळेवर, बुद्धी ठीक, पण चारचौघांत जमत नाही. झालं काय, सारखीच लक्षणं असली तरी एका क्लिनिकमध्ये अ‍ॅस्परगर आणि दुसरीकडे ऑटिझम लिहून मिळायचं. म्हणून 2013 ला सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कमी-जास्त लक्षणांच्या एकाच निदानात घातलं आणि मदत किती लागते त्यावरून 3 लेव्हल केल्या. खूप जण भडकले, अ‍ॅस्परगर हीच ओळख मानणारी मोठी माणसं तर जास्तच. आधीचं पक्कं निदान असेल तर ते स्पेक्ट्रममध्येच धरायचं असं लिहिलं होतं, तरी सवलती जातील ही धाकधूक होतीच.

मला विचाराल तर एकत्र केलं ते बरंच झालं, घोळ लेव्हलच्या वापरात झाला. मॅन्युअल स्वतःच सांगतं की ही तीव्रता प्रसंगानुसार आणि काळानुसार बदलते, आणि कुणाला मदत द्यायची हे त्यावरून ठरवू नका. हे वाचतं कोण! गणितात वर्गात पहिला येणारा मुलगा, न सांगता बदली सर आले की कान दाबून बाकाखाली जातो, आणि कागदावर मात्र लेव्हल 1. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास निकषांमध्ये पहिल्यांदा 2013 लाच आला, त्याची चर्चा फार कमी झाली, खरं तर शाळेला सगळ्यात उपयोगी तेच होतं.

जागृतीचं म्हणाल तर 2 एप्रिलचा दिवस 2008 पासून पाळतात, पोस्टर लागतात, पण उद्या तासाला दुसरे सर येणारेत हे त्या मुलाला आदल्या दिवशी सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही. 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक यादीतूनही अ‍ॅस्परगर गेलं, पण तिथं लेव्हल नाहीत, बुद्धी आणि भाषा यांची वेगवेगळी नोंद करायची असते. शाळांमध्ये अजून लेव्हलच विचारतात.