किल्लारीची दोन पुनर्वसनं

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते. सरकारी आकड्यांनुसार सुमारे 8 हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली, मुख्यतः औसा, निलंगा आणि उमरगा भागातली, 52 गावं जमीनदोस्त झाली.

आधी काहीच कुणकुण नव्हती, असं मात्र नाही. 1992 च्या पावसाळ्याअखेरीपासून या भागात लहान धक्के बसत होते, लोक धास्तावले होते. पण नकाशा जमिनीपेक्षा हळू बदलतो. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेत सुमारे 180 माणसं दगावली आणि मग 1970 च्या सुधारित नकाशात कोयना चौथ्या पट्ट्यात गेली. किल्लारीनंतरही तेच घडलं. 2002 मध्ये पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात आली. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र घेतलं, त्यात बेसाल्टचा थर 338 मीटरवर संपून खालचा जुना खडक लागला. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा या भूकंपाशी संबंध आहे की नाही, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

माणसं का मेली, याचं उत्तर शोधायला मात्र खडक फोडावा लागला नाही. 6.2 ते 6.4 तीव्रतेचा धक्का मोठा असला तरी जगाच्या हिशेबात मध्यम. मारलं ते घरांनी. या भागातली माळवदाची घरं म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. आत एक आणि बाहेर एक अशा दगडांच्या दोन रांगा, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही रांगांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर लाकडी तुळया-खांबांवर पांढऱ्या मातीचा थर, आणि पाणी गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा माती. पिढ्यान्‌पिढ्या असं छप्पर जड होत गेलं. धक्क्यात भिंतीची आतली रांग आत कोसळली, बाहेरची बाहेर. काही घरांत तर भिंती ढासळल्या आणि लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला. पत्र्याच्या किंवा कुडाच्या घरात झोपलेली गरीब माणसं वाचली आणि वाड्यातली गेली, असं अनेक गावांत घडलं.

म्हणजे लाकडी सांगाडा ठेवून भिंत बांधायची रीत सुधारा, छप्पर हलकं करा, एवढं ढिगाऱ्यातच लिहिलेलं होतं. धोरण मात्र वेगळ्या प्रश्नाच्या मागे लागलं: घरं किती बांधायची आणि कुठे?

त्यामागे सरकारी सवयीचा इतिहास आहे. आपत्ती म्हणजे मदतवाटप, ही कल्पना थेट 1880 च्या दुष्काळ आयोगापासून आणि त्यातून आलेल्या दुष्काळ संहितेपासून चालत आलेली. कधी कामं काढायची, मजुरी किती, धान्य कुठून, हे तिथे नीट बांधलेलं होतं आणि 1972 च्या दुष्काळात त्याच वळणावरून रोजगार हमी उभी राहिली. घर पडलं तर काय, याला मात्र अशी संहिता नव्हती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर पुण्यात पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, आणि ‘पूरग्रस्त वसाहत’ हा शब्द शहराच्या पत्त्यात कायमचा बसला. नव्या जागी वसाहत, हाच नमुना हाताशी होता.

किल्लारीत जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आला आणि गावांच्या श्रेणी पडल्या. ती 52 गावं पूर्ण हलवायची ठरली. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्याला 750. हे सूत्र सोयीचं होतं यात शंका नाही, पण गावातली उतरंड आता सिमेंटात ओतली गेली, आणि तीही फुटांत मोजून. नवी गावं काटकोनी रस्त्यांची, शहराच्या नकाशासारखी. जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पट पसरलेली, म्हणून रस्ते, नळ आणि गटारं सांभाळणं ग्रामपंचायतींना जड गेलं. शेत लांब पडलं, गोठ्याला जागा नाही, भावकीची घरं विखुरली. अनेक गावं देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली होती. लॉरी बेकर यांनी आखलेल्या बाणेगावात मोकळ्या चौकाभोवती घरांचे पुंजके केले गेले. असे अपवाद थोडे. बाकीच्या ठिकाणी लोकांनीच हळूहळू पत्र्याची शेडं, चुली, कुंपणं घालून वसाहतीचं गाव केलं.

दुसरं पुनर्वसन कमी दिसणारं होतं, आणि मला विचाराल तर तेच अधिक अभ्यासण्याजोगं. भूकंपात घरं तडकली पण गाव उभं राहिलं, अशी 13 जिल्ह्यांतली सुमारे 2,500 गावं या गटात होती. इथे ठेकेदार नव्हता. घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने पैसे, गवंडी त्याने निवडायचा, अभियंत्याने टप्पा पाहायचा, मग पुढचा हप्ता. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. हप्ता कुठे अडला, भिंतीत आरपार दगड घातला का, हे त्या पाहायच्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे जाळं उभारलं.

त्यातही मेख होती. जुन्या भिंती बळकट करण्यासाठी दिलेल्या पैशांतून बऱ्याच कुटुंबांनी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली काढली आणि माळवद तसंच ठेवलं. दगडी घराची भीती बसलेली होती. त्यावर पुन्हा खर्च कोण करणार? तज्ज्ञांना हे चुकीचं वाटलं. निदान रात्री झोपायला एक सुरक्षित खोली तरी झाली, हे मात्र कुणी नाकारू शकलं नाही.

‘भूकंपग्रस्त’ हा शब्दही स्थिरावला. सरकारी नोकरीत त्यांच्यासाठी दोन टक्के समांतर आरक्षण आलं. घराचे कबाले, म्हणजे मालकीचे कागद, मिळवायला मात्र काही कुटुंबांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले.

26 जानेवारी 2001 ला भुज हादरलं. गुजरातने दोनच आठवड्यांत आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्राधिकरण काढलं, आणि मालकाने स्वतः बांधायचं, शासनाने पैसा आणि तांत्रिक देखरेख द्यायची, हे सूत्र मुख्य धोरण केलं. किल्लारीच्या दुसऱ्या पुनर्वसनाचा अनुभव असा कच्छात उपयोगी आला. 2004 च्या त्सुनामीनंतर 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, राष्ट्रीय प्राधिकरण आलं, एनडीआरएफ हे बचाव दल उभं राहिलं.

या सगळ्याने बचाव खूप सुधारला. पुनर्वसनाबाबत तसं म्हणवत नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, 151 माणसं गेली. नवं माळीण आमडे इथे आखीवरेखीव बांधून 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि रस्ते खचले, काही घरांना तडे गेले. 2021 मध्ये महाडजवळ तळिये दरडीखाली गेलं, तेव्हा घरं बांधायला म्हाडा आली. 2023 मध्ये इर्शाळवाडी गेली, तेव्हा सिडको. म्हणजे घरं बांधायला पुन्हा सरकारी यंत्रणाच.