डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, बाळाच्या लसीचा दीड महिन्याचा डोस तिकडच्या उपकेंद्रात वेळेवर झाला, मग घरात लग्न निघालं, मग बाळाला सर्दी, आणि ती सासरी पुण्याला आली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होत आलेलं आणि अडीच महिन्यांचा डोस राहूनच गेलेला. घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेली तर काउंटरवर सांगितलं की गॅप पडलाय, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल. "दादा, खरंच परत सगळ्या सुया टोचायच्या का रे त्याला?"

नाही. डोस लांबला तर जिथे थांबलो तिथून पुढे जायचं, आधीचा डोस वाया जात नाही. उलट दोन डोस चार आठवड्यांच्या आत दिले तर दुसरा नीट मोजला जात नाही. उशीर चालतो पण घाई चालत नाही, हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्यामागे शरीरात जे काही चालतं ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. ती सुजलेली गाठ म्हणजे लिम्फ नोड. बाळाच्या डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट देतात (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब, असं पाच मिळून एक इंजेक्शन), तेव्हा त्या लसीतले तुकडेही जांघेतल्या अशाच गाठींमध्ये पोचतात. तिथे बी पेशी असतात, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर वेगळ्या आकाराचा पकडणारा हात असतो (हाच पुढे अँटीबॉडी म्हणून बाहेर सुटतो), आणि लाखोंमधल्या मोजक्याच पेशींचा हात त्या तुकड्याला थोडाफार बसतो. थोडाफारच, घट्ट नाही. मग या मोजक्या पेशी गाठीत एक वेगळी जागा तयार करतात, तिला जर्मिनल सेंटर म्हणतात, आणि खरी गंमत इथे सुरू होते.

या जागेचे दोन भाग असतात, एक गडद आणि एक फिकट. गडद भागात पेशी भराभर विभागतात आणि विभागताना एआयडी नावाचं एन्झाइम त्यांच्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करतं. शरीरात एरवी डीएनए कॉपी करताना चुका होऊ नयेत म्हणून केवढी यंत्रणा राबते, आणि इथे चुकांचा वेग नेहमीपेक्षा साधारण दहा लाख पट असतो, दर विभागणीला हजार अक्षरांमागे जवळपास एक! बहुतेक चुकांनी हात बिघडतो, पण एखाद्या चुकीने तो जास्त घट्ट बसायला लागतो. मग या पेशी फिकट भागात येतात, तिथे फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी लसीचा तुकडा धरून बसलेल्या असतात, ज्या बी पेशीला तो जास्त ओढून घेता येतो तिला मदतनीस टी पेशीकडून जगायचा सिग्नल मिळतो, बाकीच्या तिथेच मरतात. जगलेल्या परत गडद भागात जातात, परत चुका, परत परीक्षा, आणि हे कित्येक आठवडे चालतं. शेवटी दोन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात, एक तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या मेमरी पेशी आणि दुसऱ्या प्लाझ्मा पेशी, ज्यातल्या काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं अँटीबॉडी बनवत राहतात.

आता दुसरा डोस लवकर दिला तर परीक्षा चालू असतानाच तुकड्यांचा नवीन साठा येतो, सगळ्यांनाच भरपूर मिळतं, आणि ज्या कमजोर पेशी गळायला हव्या होत्या त्याही टिकून जातात. उशिरा दिला तर तयार मेमरी पेशी वाटच बघत असतात, त्या थोड्याच दिवसांत घट्ट बसणाऱ्या अँटीबॉडी बनवायला लागतात. कोविशील्डचा गॅप 2021 मध्ये आधी 4 ते 6 आठवडे होता, मग 6 ते 8 झाला आणि मे महिन्यात 12 ते 16 झाला, तेव्हा अनेकांना वाटलं की लसी नाहीत म्हणून हे कारण काढलंय. पुरवठ्याची अडचण होतीच, पण त्या लसीच्या चाचण्यांमध्ये 6 आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांमध्ये परिणामकारकता 55 टक्के आणि 12 आठवडे किंवा जास्त थांबलेल्यांमध्ये 81 टक्के दिसली होती.

मग बाळांना सहा, दहा, चौदा आठवड्यांना इतक्या जवळजवळ का देतात? कारण आजार थांबत नाही. डांग्या खोकला सगळ्यात जास्त घातक असतो तो अगदी तान्ह्या बाळांना, त्यांना तो ओळखीचा लांब खोकला येतही नाही, श्वासच थांबतो. म्हणून गाठीला लागणारा वेळ आणि आजाराची घाई यांच्यामध्ये चार आठवड्यांची तडजोड केलीये, आणि पुढे 16 ते 24 महिन्यांत बूस्टर ठेवलाय. उशीर चालतो याचा अर्थ एवढाच की आधीचं काम पुसलं जात नाही, पण मधले आठवडे बाळ अर्धवट संरक्षणावर असतं. आणि काही लसींना वयाची अट असते, रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूवरच्या लसीची सुरुवात आपल्या सरकारी वेळापत्रकात एक वर्षाच्या आतच करावी लागते.

याच काळात घरोघरी "इम्युनिटी वाढवणारी" सिरप येतात. वर सांगितलेली परीक्षा ठराविक जंतूचा तुकडा समोर असल्याशिवाय होतच नाही, सिरप कोणत्या जंतूची ओळख करून देणार? आणि गोवर आला की देवी आली म्हणून कडुनिंबाचा पाला बांधून घरी बसवणं तर थांबलंच पाहिजे. गोवराचा विषाणू आधी बनलेल्या मेमरी पेशीच मारतो, म्हणजे बाकीच्या आजारांविरुद्धची कमाई पण जाते. अशा मुलाला डॉक्टरकडे नेऊन व्हिटॅमिन ए चे डोस द्यायचे असतात.

आता जागा कुठली निवडायची. आपल्याकडे बाळंतीण माहेरी राहते ते नेमके हेच तीन-चार महिने, आणि मग गाव बदलतं, त्यामुळे डोस राहतात ते बहुतेक या बदलात. सरकारी केंद्र की खाजगी यावर लोक फार वाद घालतात, पण पेंटा सरकारी केंद्रात घेतली आणि पुढचा डोस खाजगीत हेक्साव्हॅलेंटचा (त्याच पाचात पोलिओ मिळवून सहा) घेतला तरी चालतं, फक्त आधी काय दिलंय ते समोरच्याला दिसायला पाहिजे. मी तीन गोष्टी बघतो. चालत किंवा रिक्षाने पटकन पोचता येईल का, कारण दूरचं मोठं हॉस्पिटल सर्दी-पावसात हमखास पुढे ढकललं जातं. लस 2 ते 8 अंशांत ठेवतात का आणि लाइट गेल्यावर काय करतात, कारण पेंटा गोठली तरी खराब होते. आणि पुढच्या तारखेची आठवण करायला कोणी आहे का. आशाताई आणि सिस्टर हे काम करतात, केंद्रात कार्डाची दुसरी प्रत राहते, शिवाय यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत मोबाइल नंबरने नोंद असेल तर ती दुसऱ्या जिल्ह्यातही उघडते.

बहिणीचं कार्ड माहेरच्या कपाटात राहिलं होतं. मामीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तो दाखवल्यावर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टरने लगेच दुसरा डोस दिला. रात्री थोडा ताप आला, मांडी लाल झाली, दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं. तिसऱ्या डोसच्या आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या गोवर-रुबेलाच्या तारखेला तिने कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलाय.