गिरण्या फक्त संपानेच बुडाल्या?

‘दत्ता सामंतांनी संप केला आणि मुंबईच्या गिरण्या बुडवल्या’ हे वाक्य चाळीस वर्षं फिरतंय. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, हे खरं. त्यांचे हाल झाले, हेही खरं. पण दुखणं जुनं होतं. आजारी, म्हणजे तोट्यात गेलेल्या गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण 1974 मध्येच झालं होतं. दादरची इंदू मिल त्यातलीच. यंत्रं जुनाट आणि कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघायचं.

मागणी नुसत्या पगारवाढीची नव्हती. बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर थांबायचा, कुणी गैरहजर असेल तरच काम. त्याला कायम व्हायचं होतं. शिवाय 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकांशी वाटाघाटींचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त कामगार संघटनेकडे! बहुसंख्य कामगार सामंतांमागे असूनही मालक त्यांच्याशी बोलायला बांधील नव्हते. संप चिघळला तो इथे.

पुढे बऱ्याच गिरण्या कमी कामगारांवर पुन्हा चालूही झाल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने, म्हणजे मुंबईतल्या बांधकाम आणि जमीनवापराच्या नियमांनी, गिरण्यांची जमीन विकायची वाट मोकळी केली. लोअर परळला मॉल उभे राहिले, त्याचा हिशेब मात्र कुणी सामंतांच्या टीकाकारांना विचारत नाही.