ऊसतोडीला गेलं म्हणून मत जात नाही, रेशनही नाही

बीड, पाथर्डीकडच्या गावांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: कोयता घेऊन सहा महिने गाव सोडलं की मतदार यादीतून नाव कटतं. कायदा नेमकं उलटं सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरतं बाहेर गेल्याने गावचं रहिवासीपण संपत नाही. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन निघालेली टोळी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतेच! कायमचा पुण्याला स्थायिक झालेल्याची गोष्ट वेगळी. गावात नुसतं घर आहे म्हणून त्याचं नाव टिकत नाही. खरी अडचण मतदानाच्या दिवशीची. मजुरांना टपाली मत नाही, उसाच्या फडातून गाव गाठावंच लागतं. भाडं कोण देणार?

रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षेतलं, आधार जोडलेलं कार्ड असेल तर ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत कारखान्याजवळच्या दुकानातही धान्य मिळतं. अर्धं तिथे उचलावं, उरलेलं गावी थांबलेल्या आजी-आजोबांनी. ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ हे दुकानदाराचं उत्तर चालत नाही. अंगठा मात्र जुळायला हवा, आणि ऊस तोडून तोडून रेषा झिजलेल्या हातांचा तो पहिल्या फटक्यात क्वचितच जुळतो.