बायवीकली सव्वीस, सेमीमंथली चोवीस

ऐरोली-महापे पट्ट्यात अमेरिकन कंपन्यांचं पेरोल सांभाळणाऱ्या टीममध्ये नवा माणूस आला की हा प्रश्न ठरलेला: बायवीकली काय आणि सेमीमंथली काय, दोन्ही पंधरा दिवसांनीच ना? आपल्याकडे पगार महिन्यातून एकदा, त्यामुळे शंका रास्त आहे. पण दोन्ही एक नव्हेत.

सेमीमंथली म्हणजे महिन्याचे दोन भाग. पगार बहुधा १५ तारखेला आणि महिनाअखेरीस, वर्षाला २४ वेळा. तारीख पक्की, वार कुठलाही. बायवीकलीचं नेमकं उलटं: वार पक्का, तारीख सरकत राहते. दर दुसऱ्या शुक्रवारी पगार म्हटलं की ५२ आठवड्यांचे २६ पगार. वर्षाला ५२,००० डॉलर ठरले असतील तर बायवीकलीवाल्याच्या हातात दर खेपेला २,००० पडतात, सेमीमंथलीवाल्याच्या २,१६६.६७ (कर वगैरे कापण्याआधी). वर्षाचा हिशेब तोच, तरी स्लिप शेजारी ठेवल्या की कुणालाही वाटणार, एकावर अन्याय झालाय.

खरी गंमत कॅलेंडरवर दिसते. २०२६ मध्ये २ जानेवारीच्या शुक्रवारपासून सुरुवात केली तर २, १६ आणि ३० असे एकट्या जानेवारीत तीन पगार. मग थेट जुलैत ३, १७, ३१. बाकी दहा महिने दोन-दोन. विम्याचा हप्ता महिन्याला दोनदा अर्धा-अर्धा कापायचा असं ठरलं असेल, तर या तिसऱ्या पगारातून तो कापायचा नसतो. सिस्टिममध्ये ते सांगायला विसरलं की क्लायंटचा मेल आलाच समजा.

एवढी कटकट आहे तर मग अमेरिकेत बायवीकली हवंच कशाला? तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम आठवड्यावर मोजतात, ४० तासांच्या पुढे. चौदा दिवसांत दोन आठवडे अख्खे बसतात. १५ तारीख मात्र बुधवारी आली की आठवडा मधोमध तुटतो आणि अर्धे तास या पगारात, अर्धे पुढच्या. तासावर काम करणाऱ्यांसाठी म्हणूनच बायवीकली सोयीचं.

आता यात ब्रिटिश क्लायंट येतो आणि म्हणतो, फॉर्टनाइटली. मूळ अर्थ चौदा रात्री, म्हणजे पक्के दोन आठवडे. आपण त्याचं भाषांतर पंधरवडा करतो आणि गल्लत तिथेच होते. नौपाड्यातला टेलर सोमवारी म्हणतो, ‘ताई, पंधरा दिवसांनी या’, तेव्हा त्याच्या मनात दोन आठवड्यांनंतरचा सोमवारच असतो. दोन्ही सोमवार धरले की पंधरा दिवस, मधल्या रात्री चौदा. ‘आठ दिवसांनी’ म्हणजे एक आठवडा, हाही त्यातलाच हिशेब. बोलण्यातले पंधरा दिवस आणि फॉर्टनाइट इथे जुळतात. पंधरवडा मात्र महिन्याचा अर्धा भाग. पंचांगातला पक्ष तिथींवर चालतो, त्यामुळे दिवस कधी चौदा, कधी पंधरा, कधी सोळा. पाक्षिकाचे अंकही वर्षाला २४च.

बायवीकली शब्द स्वतःही फारसा भरवशाचा नाही. डिक्शनरीत त्याचे दोन अर्थ सापडतात: दोन आठवड्यांतून एकदा आणि आठवड्यातून दोनदा. बायमंथलीचं तेच. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण बायमंथली म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, वर्षाला सहा वेळा. पण कुणी महिन्यातून दोनदा या अर्थाने तो वापरला तर डिक्शनरी त्याच्याही बाजूने उभी राहते. आपल्या द्वैमासिकाबद्दल असा वाद कधी झालेला नाही. (बायअॅन्युअल वर्षातून दोनदा, बायेनिअल दोन वर्षांतून एकदा. कोचीचं कलाप्रदर्शन, बिएनाले, आठवलं की दुसरं विसरत नाही.) मेलमध्ये सरळ ‘एव्हरी अदर फ्रायडे’ लिहावं, नाहीतर तारखा लिहाव्यात.

भारतात फॉर्टनाइटली शब्द बिनदिक्कत दोन्ही अर्थांनी चालत आलाय, चौदा दिवस आणि अर्धा महिना. १६ जून २०१७ पासून पेट्रोलचे भाव रोज बदलू लागले. त्याआधी तेल कंपन्या १ आणि १६ तारखेला भाव ठरवत आणि त्यालाही फॉर्टनाइटलीच म्हणत. बँकांचा (रिझर्व्ह बँकेला हिशेब देण्याचा) फॉर्टनाइट मात्र कायद्याने शनिवार ते दुसरा शुक्रवार असा चोख चौदा दिवसांचा होता. २०२५ च्या बँकिंग दुरुस्ती कायद्याने ती व्याख्या बदलली: १ ते १५ एक, १६ ते महिनाअखेर दुसरा. कायद्यानेच फॉर्टनाइटचा पंधरवडा करून टाकला. त्यामुळे बँकेचा फॉर्टनाइट आता जानेवारीच्या उत्तरार्धात १६ दिवसांचा, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात १३ दिवसांचा, आणि वर्षाला २६ ऐवजी २४.